सिनेमावाल्यांनी आणलेली ओल

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली, तेव्हा घर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं होतं, आम्ही भाडेकरू. माणूस पाठवायला कौन्सिलने दोन हिवाळे लावले. तो आला, भिंतीला बोट लावलं, "खिडकी उघडी ठेवत जा" म्हणाला आणि गेला. शेवटी मीच ती भिंत खरवडली, औषध मारलं, दोन हात रंग दिला. पुढे घर विकत घेतलं. त्या भिंतीवर पुन्हा डाग म्हणून उमटला नाही. मी चौथी पास माणूस आहे, पण भिंत कशी राखायची ते मला कोणी शिकवू नये.

मग सिनेमावाले आले आणि त्यांनी दोन दिवसांत त्याच भिंतीला नवी कोरी ओल लावून दिली.

ओल लावायला खास एक बाई होती. चहाचं पाणी, कसलीशी हिरवट पावडर आणि स्पंज घेऊन ती भिंतीशी उभी राहायची. लावायची, मागे सरायची, मान वाकडी करून बघायची, पुन्हा लावायची. मी विचारलं, हे शिकायला किती वर्षं लागली? ती म्हणाली, तीन वर्षं, कॉलेजात. मी चेष्टा करत होतो हे तिला कळलं नाही. मीही मग चेष्टा आवरली. तीन वर्षं शिकलेल्या माणसाचा मान ठेवावा.

सिनेमा गर्दचा होता. म्हणजे गर्द घेणारा एक तरुण, त्याची आई, आणि पाऊस. गाव कुठलं ते सांगत नव्हते, पण सारखा पाऊस पडतोय म्हणजे इंग्लंडातलं कुठलंही. त्यांना जुनं स्वयंपाकघर हवं होतं. आमचं बघून डायरेक्टरने छातीवर हात ठेवला आणि "ऑथेंटिक" म्हणाला. त्याच्या स्वेटरला कोपरावर भोक होतं. ते भोक दुकानातून स्वेटरबरोबरच आलं होतं असं मला नंतर समजलं. "ऑथेंटिक"चा अर्थ मी असा लावला की या म्हाताऱ्याने चाळीस वर्षांत कपाटं बदललेली नाहीत.

त्यांना आमच्या घरी आणलं माझ्या मुलाने. आता मुलाबद्दल सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझा मुलगा इथेच लेस्टरला जन्मला, इथेच शिकला, आणि अकरा वर्षं इथेच गर्द घेत होता. मी त्याला घराबाहेर काढलं होतं. पुढे त्याने ते सोडलं. सोडून नऊ वर्षं झाली. आता गर्द सोडू बघणाऱ्या लोकांसाठी शहरात एक सेंटर आहे, तिथे तो काम करतो. सिनेमावाले त्या सेंटरवर आले आणि त्यांनी त्याला सल्लागार नेमलं. सगळा सिनेमा त्याला विचारून आणि त्याचं न ऐकता तयार झाला.

पण आमच्या लोकांत माझा मुलगा ब्रॅकनेलला होता.

ते असं झालं. त्याला घराबाहेर काढल्यावर एकदा विहारात कोणीतरी विचारलं, मुलगा दिसत नाही हल्ली? माझ्या तोंडून निघालं, ब्रॅकनेलला असतो, कम्प्युटर कंपनीत. हे गाव मला कुठून सुचलं कोण जाणे. मी ते आजतागायत पाहिलेलं नाही. पण एकदा तिथे गेला म्हटल्यावर त्याला सांभाळणं आलं. सोळा वर्षं मी त्याला तिथे नोकरीत ठेवलं. तीन प्रमोशनं दिली. एकदा कंपनीची गाडीही दिली होती, पण कोणीतरी "कुठली गाडी?" विचारलं, म्हणून पुढच्या महिन्यात काढून घेतली. विहाराच्या कार्यक्रमांना तो येत नसे, कारण ब्रॅकनेलला शनिवार-रविवारीही काम असतं. तिथले साहेब फार निर्दयी आहेत अशी माझी स्वतःचीच खात्री पटत चालली होती.

त्याने गर्द सोडलं तेव्हा त्याला परत आणता आलं असतं. पण ब्रॅकनेलहून आणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मग तो दोन मैलांवर राहायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा, आणि बेलग्रेव्ह रोडवर जिथे आपली माणसं भेटतात तिथे फिरकायचा नाही. मी सांगितलं होतं म्हणून.

शूटिंगच्या आठवड्यात सिनेमावाले आम्हाला हॉटेलात पाठवणार होते. मी नाही म्हटलं. स्वतःचं घर असताना हॉटेलात राहायला मी काय पाहुणा आहे? आम्ही दोघं वरच्या मजल्यावर राहिलो. खाली त्यांनी आमच्या हिचे घासून चकचकीत केलेले डबे खोक्यांत भरून ठेवले आणि व्हॅनमधून घाण भांडी आणली. खरंच सांगतो, घाण भांडी खोक्यांत भरून, प्रत्येकावर नंबर टाकून, फोटोसकट आणली होती. जळकं पातेलं, बुरशी आलेली ताटली, वाळलेल्या बीन्स चिकटलेला वाडगा. ते सगळं सिंकमध्ये रचायला दोन माणसं अर्धा दिवस खपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ही चहा करायला खाली गेली. बराच वेळ वर आली नाही. मी गेलो तर सिंक रिकामं आणि ओट्यावर सगळी भांडी पालथी घालून ठेवलेली.

"अहो, ते पातेलं काही केल्या निघत नव्हतं," ती म्हणाली. "मग मिठाने घासलं. बघा बरं, नवं वाटतंय की नाही?"

मी पातेलं उजेडात धरून बघितलं. नवं वाटत होतं.

आठला सिनेमावाले आले. भांडी घाण करणारी मुलगी जिन्यावर बसून रडायला लागली. आदल्या दिवशी अर्धा सीन त्या भांड्यांसकट घेऊन झाला होता. डायरेक्टर सिंकसमोर उभा राहून केसांतून हात फिरवत होता. ही त्याच्यासमोर चहाचा कप धरून उभी. "काय म्हणतोय तो?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, तुझ्या कामाची तारीफ करतोय.

तेवढ्यात माझा मुलगा पुढे झाला. त्याने डायरेक्टरला जे सांगितलं ते इंग्रजीत होतं आणि माझ्यासाठी नव्हतं. तो म्हणाला, असू दे धुतलेली, खरं तर गर्द घेणाऱ्याच्या घरी अशी भांडी नसतातच. तिथे कोणी स्वयंपाक करत नाही, कोणी जेवत नाही, मग भांडी खरकटी कशाने होणार? सिंक कोरडं असतं. माझ्या सिंकमध्ये आठ महिने एक चमचा पडून होता, बस.

डायरेक्टरने विचार केला. मग म्हणाला, पडद्यावर कोरडं सिंक बघून प्रेक्षकाला काहीच वाटणार नाही. दुपारपर्यंत त्यांनी फोटो बघून बघून सगळी भांडी पुन्हा घाण केली.

मी दारात चहा घेऊन उभा होतो. मला वाटलं होतं काहीतरी. पण मी काही प्रेक्षक नव्हतो. कप घेऊन वर गेलो आणि चहा तसाच गार झाला.

पुढे सिनेमा तयार झाला आणि तो खपवायचं काम एका बाईकडे आलं. मार्केटिंगवाली. हुशार बाई, प्रत्येक वाक्याची सुरुवात "आय लव्ह" ने करायची. पोस्टरवर तरुणाचा अर्धा चेहरा पाण्यात होता, वर समीक्षकांनी दिलेल्या चांदण्या आणि खाली "निर्भीड", "अंगावर येणारा" असले शब्द. "आशा" हा शब्द घालावा की नाही यावर त्यांच्या दोन मीटिंगा झाल्या म्हणे. घातला शेवटी, बारीक अक्षरात.

पण या बाईची खरी करामत वेगळीच. तिने कॅमडेनला एका रिकाम्या दुकानात आमचं स्वयंपाकघर जसंच्या तसं उभं केलं. लोकांनी यावं, गर्दुल्ल्याच्या स्वयंपाकघरात उभं राहावं, फोटो काढावेत आणि सिनेमाचं नाव छापलेल्या कपातून कॉफी प्यावी. मुलगा म्हणाला, बाबा, बघायला येता? कॅमडेनला मी आजवर एकाच घरासाठी जात आलो, ज्यांच्या नावाने आम्ही जय भीम म्हणतो ते इथे शिकताना राहिले त्या. आमच्यातला प्रत्येक जण जातो. या खेपेला स्वतःचं स्वयंपाकघर बघायला गेलो. क्यूमध्ये उभं राहून.

आत सगळं होतं. आमचा गॅस, आमची कपाटं, वाण्याकडचं कॅलेंडर. ओल आमच्यापेक्षा जरा जास्तच. एक जोडपं सिंकपाशी उदास तोंडं करून फोटो काढत होतं. फोटो झाला की हसायचं, नीट आला नाही तर पुन्हा उदास व्हायचं. आमच्या एका कपाटाचं दार नीट लागत नाही. वीस वर्षं दुरुस्त करीन म्हणतोय. इथे कारागिरांनी ते दार मुद्दाम बिघडवून बसवलं होतं. मला राहवलं नाही, मी ते दाबून लावायला गेलो.

"प्लीज, हात लावू नका," तिथली मुलगी म्हणाली.

"इट इज माय किचन," मी म्हणालो.

तिचा चेहराच बदलला. आवाज खाली गेला. तिने मला खुर्ची आणून दिली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी फार धीराचा माणूस आहे असं सांगितलं आणि हातात एक पत्रक दिलं. वर हेल्पलाइनचा नंबर. व्यसन कुठल्याही वयात सोडता येतं, असं त्यात लिहिलं होतं. मुलगा दारात उभा राहून इतका हसत होता की त्याला भिंतीला टेकावं लागलं. त्याला तसं हसताना मी किती वर्षांनी पाहिलं ते मोजलं नाही.

बाहेर कालव्याच्या कडेला बाकावर बसलो. तिथे त्याने मला विचारलं.

"बाबा, लेस्टरला आपल्या लोकांसाठी शो ठेवतायत. प्रिव्ह्यू. मार्केटिंगवाल्यांना पाहिजे, मी तिथे उभा राहून सांगायचं, की हा माझा गोष्ट आहे. माय ओन नेम, तुमची नाव, सगळं."

"कशाला?"

"त्यांच्यासाठी पब्लिसिटी. आय नो. पण मला पण पाहिजे. सेंटरमध्ये आपली मुलं येतात, बाबा. इंडियन मुलं, आपली लोकांची पण. ते खोटं नाव सांगतात. मला माहीत आहे कोणाची आहेत, पण मी काय बोलणार? मी पण ब्रॅकनेलला आहे." मग म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात तर नाही सांगणार. मागे बसेन."

"मागे बस," मी म्हणालो.

"ओके, बाबा."

एवढंच. वाद घालायची मी पूर्ण तयारी केली होती. काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. त्याने वादच घातला नाही. परतीच्या ट्रेनमध्ये माझी ती सगळी तयारी वाया गेली, आणि ते पत्रक मी घडी घालून खिशात ठेवलं, कारण ट्रेनमध्ये टाकायला कुठे जागा दिसली नाही.

आता आमचे सेक्रेटरी. विहाराच्या कमिटीचे. भला माणूस, अक्षर मोत्यासारखं, त्या अक्षराचाच त्यांना जरा अभिमान. मार्केटिंगवालीने त्यांना ईमेल पाठवला, की ड्रग्जवरचा सिनेमा आहे, तुमच्या लोकांसाठी जागा राखून ठेवतो. सेक्रेटरींनी ते वाचून ठरवलं की हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आहे. आणि आमच्याकडे एकदा कार्यक्रम ठरला की त्याला प्रमुख पाहुणे लागतात, पाहुण्यांचा परिचय लागतो, सत्कार लागतो, आभारप्रदर्शन लागतं. मधे सिनेमा आहे, ही गोष्ट त्यांनी चहापानाच्या जागी धरली.

शनिवारी दुपारी आम्ही सगळे त्या सिनेमागृहात. पडद्याखाली टेबल, टेबलावर पांढरं कापड, तसबिरी, फुलं. मॅनेजरने मेणबत्ती लावू दिली नाही म्हणून बॅटरीवरच्या आणलेल्या. बायकांच्या पिशव्यांत डबे. मार्केटिंगवाली फोन उंच धरून सगळं टिपत होती आणि "आय लव्ह दिस" म्हणत होती. सगळे उभे राहिले आणि त्रिशरण-पंचशील झालं. नशेपासून दूर राहीन हे पाचवं शील आमच्या लोकांनी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं, आणि थोड्याच वेळात त्याच लोकांना पडद्यावर दीड तास तेच मोडताना बघायचं होतं, हे अजून कोणाला माहीत नव्हतं. डायरेक्टरला शाल मिळाली. त्याने ती स्वेटरवर घेतली, त्यामुळे भोक झाकलं गेलं.

मग सेक्रेटरी माझ्याजवळ आले आणि हातात एक कागद दिला.

"जय भीम, दादा. तुम्हाला सांगितलं नव्हतं, सरप्राइज ठेवलं होतं. त्यांच्या पाहुण्यांच्या यादीत तुमच्या मुलाचं नाव निघालं की. ब्रॅकनेलहून एवढं मोठं काम केलं आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. परिचय लिहून आणलाय. तुमच्या तोंडून वाचा, लोकांना बरं वाटेल."

मागे वळून बघतो तर त्यांनी मुलाला शेवटच्या रांगेतून उठवून पुढे आणलंसुद्धा. हातात फुलांचा गुच्छ दिला होता. तो टेबलापाशी उभा, मी माइकपाशी.

कागदावर लिहिलं होतं, "ब्रॅकनेल येथील नामांकित कंपनीत वरिष्ठ पदावर कार्यरत असूनही व्यस्त दिनक्रमातून वेळ काढून त्यांनी या चित्रपटाचे संगणकीय कार्य लीलया पार पाडले." पुढे तिन्ही प्रमोशनं होती, क्रमाने. सोळा वर्षांत मी सुटं सुटं बोललेलं सगळं त्या माणसाने लक्षात ठेवून एका कागदावर सलग लावलं होतं. वाचायला सुरेख होतं. माझी नजर आता अधू आहे, पण ते अक्षर मला चष्म्याशिवायही लागलं असतं.

मी मुलाकडे बघितलं. त्याला मराठी वाचता येत नाही, पण कागदावर काय असेल ते त्याला कळलं होतं. त्याने मला मान हलवून खूण केली. वाचा, बाबा. चालेल.

त्या मानेचा मला राग आला. बाकी मोठेपणा वगैरे काही नव्हता, सरळ राग आला. मी फॅक्टरीत फोरमनची दया घेतली नाही, कौन्सिलची घेतली नाही, आणि हा पोरगा चारचौघांत माझ्यावर दया करणार? मी कागद टेबलावर ठेवला.

"यात लिहिलंय ते मीच सांगितलेलं आहे," मी म्हणालो, "आणि ते खोटं आहे. हा ब्रॅकनेलला कधीच नव्हता. मीसुद्धा ते गाव बघितलेलं नाही. हा इथेच होता. अकरा वर्षं गर्द घेत होता. नऊ वर्षं झाली, घेत नाही. सिनेमात दाखवतील त्यातलं थोडं ह्याचं आहे. भांडी ह्याची नाहीत. ह्याने सोडलं तेव्हा मी जवळ नव्हतो. सत्कार करायचा असेल तर त्याचा करा. कम्प्युटरमधलं ह्याला काही कळत नाही."

मला वाटलं, आता कोणीतरी उठून जाईल. कोण जाईल तेही मी मनात धरलं होतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आमच्या हिच्या वयाची एक बाई बोलली. तिला मी चाळीस वर्षं ओळखतो.

"बसा आता, भाऊ. माहीत आहे आम्हाला. तुमची मंडळी दर गुरुवारी डबा घेऊन कुठे जायची, ते तुम्हाला सोडून सगळ्या बायकांना ठाऊक. स्टॉपवर तिच्याबरोबर मीच उभी राहायचे."

मी हिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. पडद्यावर काहीच नव्हतं. गुरुवारी ती भाजीला जाते असं मी समजत होतो. भाजी नेहमी कमीच यायची, ते माझ्या लक्षातही आलं होतं, आणि मी भाजीवाल्याला दोष देत होतो.

"मला कोणीच कसं सांगितलं नाही?" सेक्रेटरी म्हणाले. त्यांना खरंच लागलं होतं. कागद त्यांनी उचलून घेतला, चार घड्या घातल्या. मग बिचाऱ्यांनी सत्कार मात्र केला. शाल मुलाच्या खांद्यावर टाकली आणि तिची टोकं ओढून सारखी केली. परिचय नसलेला सत्कार त्यांनी जन्मात पहिल्यांदाच केला असावा.

सिनेमा झाला. शिव्या होत्या, संडास होता, पाऊस होता. बायकांनी डबे उघडले नाहीत. खरं सांगायचं तर सिनेमा फारसा कोणी पाहिलाच नाही, सगळे पहिल्या रांगेतल्या माझ्या मुलाच्या मानेकडे बघत बसले होते. नंतर बाहेर तिघांनी त्याला बाजूला घेऊन सेंटरचा नंबर मागितला. तिघांनाही तो एका ओळखीच्या माणसासाठी हवा होता. एकाचा ओळखीचा माणूस म्हणे कॅनडात असतो. मुलाने प्रत्येकाला नंबर लिहून दिला आणि कोणालाच काही विचारलं नाही.

मग मार्केटिंगवाली धावत आली. डोळे ओले होते, खोटं कशाला सांगू. मराठी तिला कळत नव्हतं, पण कोणीतरी तिला अर्थ सांगितला होता. ती म्हणाली, मी तुमच्या बोलण्याच्या प्रेमात पडले. फक्त एक अडचण झाली, फोनची बॅटरी गेली आणि ते घेता आलं नाही. तर तुम्ही पुन्हा एकदा, इथेच पोस्टरसमोर उभे राहून, तेच सांगाल का? इंग्रजीत, थोडं कमी केलं तरी चालेल. कागद टेबलावर ठेवतानाचं मात्र हवंच.

मुलगा माझ्याकडे बघत उभा राहिला. शाल अजून अंगावर होती.

मी त्याला मराठीत म्हणालो, "हिला सांग, एवढं एकदा बोलायला मला सोळा वर्षं लागली. दुसऱ्यांदा किती लागतील ते आत्ता सांगता येणार नाही. तिला थांबायचं असेल तर थांबू दे."

तो तिच्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "ते नाही म्हणतायत."

मग आम्ही तिघं बस स्टॉपकडे चालायला लागलो.